मेणबत्तीतली सही

"सम्राट, त्यांना पेन देऊन उपयोग न्हाई," दादासाहेब खराडे म्हणाले. "आक्का अंगठा उठवतात."

सभागृह हसलं. आक्काही हसल्या. मी स्टेजवर एका हातात पत्ता आणि दुसऱ्या हातात जाड निळं पेन धरून उभा होतो, तसाच राहिलो.

ही १९८८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मिरजेपासून तासाभरावर एक साखर कारखाना होता. त्याच्या वर्धापनदिनाला दुपारी तीन वाजता माझा जादूचा प्रयोग ठेवला होता. माझं नाव भालचंद्र तांबट, पण बोर्डावर ‘जादूगार सम्राट’ असायचं. दादासाहेब कारखान्याचे चेअरमन. पत्त्यावर सही करायला मी त्यांनाच वर बोलावलं होतं. गावात सगळ्यात मोठा माणूस कोण ते बघायचं आणि त्याचीच सही घ्यायची, असा माझा नेम होता. मोठ्या माणसाची सही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते, त्यामुळे टाळ्या जास्त पडतात. पण दादासाहेब वर आले ते आपल्या आईला हाताला धरून.

"माझ्या सह्या रोजच्याच हायत," म्हणाले. "आज आक्कांची घ्या."

आक्का पंचाहत्तरीच्या असतील. नऊवारी, डोक्यावर पदर. खुर्चीत पाय जुळवून बसल्या होत्या.

"आक्का, नुसती एक फुली मारा," मी म्हणालो. "फुली चालेल."

"फुली का म्हणून? कारखान्याच्या कागदावर माझा अंगठा चालतो, आन तुझ्या पत्त्यावर चालंना व्हय?"

लोक पुन्हा हसले. दादासाहेबांनी पहिल्या रांगेतल्या क्लार्कला खूण केली. तो शाईचं पॅड आणायला ऑफिसकडे पळाला.

मी प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिला माझी बायको. स्टेजवर माझ्या मदतीला तीच असायची. लाकडी पाटी हातात धरून ती आक्कांच्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

हा खेळ कसा चालायचा ते आता सांगायला हरकत नाही. मी खेळ सोडले त्याला वीस वर्षं झाली, आणि ज्या माणसामुळे तो चालायचा ते माणूसही राहिलं नाही. प्रेक्षक पत्ता ओढायचा. तो चौकटची दुर्रीच ओढेल, एवढी काळजी मी घ्यायचो. दुर्रीला मध्ये जागा मोकळी असते, सही ठसठशीत येते. लिहिताना आधार म्हणून प्रमिला पाटी पुढे धरायची आणि सही होत असताना त्या माणसाचा हात बघायची. मग मेणबत्ती आणायला आत जायची. मी सहीचा पत्ता लोकांना दाखवत, गप्पा मारत मिनिटभर काढायचो. तेवढ्या वेळात तिनं आत दुसऱ्या एका दुर्रीवर तीच सही करायची, पत्ता गुंडाळून पोकळ मेणबत्तीत खालून सारायचा आणि मेणबत्ती पेटवून बाहेर आणायची. त्या ज्योतीवर मी पत्ता जाळायचो. राख दाखवायचो. मग मेणबत्ती मधोमध मोडायचो. आतून पत्ता निघायचा, आणि सही करणारा उभा राहून लोकांना सांगायचा, ही माझीच सही.

जळायचा तो त्याचा पत्ता. तो घरी न्यायचा तो प्रमिलाचा. सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी घरांत तिनं केलेल्या सह्या फ्रेम करून लावलेल्या असतील. मामलेदारांच्या, हेडमास्तरांच्या, एका कीर्तनकारांची मोडीतली. ती सातवी शिकलेली. इंग्रजी वाचता यायचं नाही, पण इंग्रजी सही करायची.

"मी अक्षर बघतच नाही," म्हणायची. "हात कुठं अडतो आणि कुठं पळतो, तेवढं बघते."

प्रयोग झाल्यावर लोक मला विचारायचे, हे तुम्ही कसं करता? बाई काय करतात, असं कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी तिच्या छातीत गाठ होती. दिवाळीत अंघोळ करताना हाताला लागली होती. जानेवारीत मिरजेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर म्हणून सांगितलं. मंगळवारी सकाळी दाखल व्हा, बुधवारी ऑपरेशन करू. येताना मिस्टरांना आणा, त्यांची सही लागेल.

प्रयोगाचा दिवस सोमवार होता.

आदल्या आठवड्यात आमचं रोज त्यावरून चाललं होतं.

"मार्चपर्यंत थांबलं तर?" मी म्हणायचो. "आत्ता गॅदरिंगचे दिवस. तू नसलीस तर सहीचा खेळ होत नाही, आणि सहीच्या खेळाशिवाय मला कोण बोलावतंय?"

"डॉक्टर म्हणाले, दिवस घालवू नका."

"डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात."

"तुमच्याकडे किती डॉक्टर येतात हो सांगायला?"

शेवटी ठरलं, तिनं सोमवारचा प्रयोग करायचा आणि मंगळवारी सकाळी मी तिच्याबरोबर मिरजेला जायचं. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा नक्की म्हणालो.

क्लार्क पॅड घेऊन आला. आक्कांनी अंगठा पॅडवर टेकवला, मग पत्त्यावर. एका कडेनं टेकवून दुसऱ्या कडेला सावकाश फिरवला. सवयीचा हात होता. प्रमिलानं फडक्यानं त्यांचा अंगठा पुसला, पॅड पाटीवर ठेवलं आणि पाटी घेऊन आत गेली.

मला वाटलं, संपलं. सहीची नक्कल होते. अंगठ्याची कशी व्हायची? मी पत्ता लोकांना दाखवला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन परत दाखवला. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "दिसला ओ, पुढं चला." मी दोन विनोद केले, त्यातला एक आधीच झालेला होता. मिनिटाच्या जागी तीन मिनिटं गेली असतील.

प्रमिला पेटलेली मेणबत्ती घेऊन आली. नेहमीसारखी मान हलवली. मी मेणबत्ती घेताना पाहिलं तर तिच्या उजव्या अंगठ्यावर जांभळी शाई होती.

तिनं स्वतःचा उठवला होता.

मी पत्ता ज्योतीवर धरला.

"माझा अंगठा जाळतोस व्हय रं?" आक्का म्हणाल्या.

"परत देतो, आक्का."

"दिलास तर बरं. लई कागदांवर लागतो त्यो."

मी मेणबत्ती मोडली. पत्ता निघाला. शाई ओली असताना गुंडाळला तर फराटा उठेल, म्हणून तिनं वर तोंडाची पावडर मारली होती. मी फुंकर घालून ती उडवली आणि पत्ता आक्कांच्या हातात दिला. पुढचं वाक्य वीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून गेलं.

"सांगा आक्का लोकांना, हा अंगठा कुणाचा?"

आक्कांनी चष्मा मागितला. दादासाहेबांनी तो आपल्या खिशातून काढून दिला. आक्कांनी पत्ता आधी लांब धरला, मग जवळ. मग स्वतःचा अंगठा पाहिला. त्यांच्या अंगठ्यावर आडवा, जुना व्रण होता, कोयत्याचा असावा. मला तो तेव्हा दिसला. पत्त्यावरच्या ठशात व्रण नव्हता.

आक्कांनी मान वळवून प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलानं हात पदराखाली घेतला.

"आक्का, बोला की," दादासाहेब म्हणाले.

आक्का प्रमिलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"माझाच हाय," त्या म्हणाल्या.

एवढ्या टाळ्या मला त्याआधी पडल्या नव्हत्या.

प्रयोगानंतर दादासाहेब मला चहाला आपल्या केबिनमध्ये घेऊन गेले.

"आमच्या संस्थेच्या सात शाळा हायत," म्हणाले. "उद्यापास्नं शुक्रवारपतोर सगळ्यांची गॅदरिंगं. रोज दोन दोन करा. राहायची सोय हितंच गेस्ट हाऊसला. जमंल?"

मी लगेच होय म्हणालो नाही, हे खरं आहे. चहाचा एक घोट घेतला, मग म्हणालो.

"जमेल."

"आन त्यो पत्त्याचा खेळ पायजे बरं का."

"तो तर पाहिजेच."

स्टेजमागच्या खोलीत आलो तर आक्का आमच्या ट्रंकेवर बसल्या होत्या. प्रमिला खाली बसून खोबरेल तेलानं अंगठ्याची शाई काढत होती. आक्का तिला सांगत होत्या, "माझ्या दिरानं एकदा मला न सांगता माझा अंगठा उठवून घेतला. तवापास्नं मी माझा ठसा पाठ केलाय. तुमची पोरं पाढे पाठ करत्यात तसा." मला बघून थांबल्या.

"हिनं सांगितलं मला दुखण्याचं," त्या म्हणाल्या. "उद्या नेणार न्हवं मिरजंला?"

"हो. नेणार की."

"कारखान्याची जीप आठ वाजता जाती मिरजंला. दोघांची जागा ठेवायला सांगते."

"बरं होईल, आक्का."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "तिथं मी खोटं बोलले ते हिच्या तोंडाकडं बघून. तुझ्यासाठी न्हवं."

प्रमिलाला मी त्या संध्याकाळी काही सांगितलं नाही. गेस्ट हाऊसवर ती लवकर झोपली. मीही झोपलो.

सकाळी साडेसातला ती तयार होऊन बसली होती. हिरवी साडी, पिशवीत दोन गाऊन, तांब्या-भांडं, डॉक्टरांची फाईल. मी अजून लुंगीवर होतो.

"तुम्ही आवरलं नाहीत?"

"प्रमिला, चार दिवस थांबू. दादासाहेबांनी सात शाळा दिल्यात. आज दहाला पहिली."

ती पिशवी मांडीवर घेऊन कॉटच्या कडेला बसली.

"कधी सांगितलं त्यांनी?"

"काल. चहाला."

"मला आत्ता सांगताय."

"तू दमली होतीस."

"आणि सहीचं काय?"

"तेच तर. सहीचा खेळच हवाय त्यांना."

"मी दवाखान्यातल्या सहीचं विचारतेय."

मला तिचा राग आला. खरंच आला. आपलं चुकलेलं असताना येतो तसा.

"शनिवारी येऊन करतो ना," मी म्हणालो. "डॉक्टरांना सांगू, शनिवारी दाखल होतो. तीन महिने गेले, चार दिवसांनी काय बिघडतंय? आणि तू आत्ता गेलीस तर मी त्या शाळांत करू काय? खेळ बंद पडेल, प्रमिला. हातात आलेलं जाईल."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. ती उठली.

"मग खेळाचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही सम्राट ना? बघा काहीतरी."

पिशवी जीपपर्यंत मी नेली. ड्रायव्हर म्हणाला, "आक्कांनी दोघांची जागा सांगितलीय."

"मी शनिवारी येतो," मी म्हणालो. ते त्याला म्हणालो, तिला नाही. ती पुढच्या सीटवर बसून समोर बघत होती. मला वाटलं होतं, माझी सही नाही म्हटल्यावर दवाखाना दाखल करून घेईल, पण ऑपरेशन करणार नाही. शनिवारपर्यंत ती तिथं पडून राहील. मग मी जाईन आणि सही करीन. माझ्या मनात त्याचा हिशोब नीट बसला होता.

पहिल्या शाळेत सहीच्या खेळाच्या जागी मी दोरी कापून जोडायचा खेळ केला. पोरं बाकांवर चढली. दुसऱ्या शाळेत रुमालाचा केला. बुधवारी दोन शाळा झाल्या. एका ठिकाणी बाईंनी हार घातला. गुरुवारी दादासाहेब स्वतः येऊन अर्धा प्रयोग बघून गेले. जाताना पाठीवर थाप मारली, "झकास". शुक्रवारी सातव्या शाळेच्या हेडमास्तरांनी प्रशस्तिपत्र लिहून दिलं, की असा संपूर्ण कार्यक्रम आमच्या शाळेत पूर्वी झाला नाही.

सहीच्या पत्त्याचं सात शाळांत एकानंही विचारलं नाही. दादासाहेबांनीही नाही. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी मी थोडा वेळ उगाच स्टेजवर थांबायचो. वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल, तो मेणबत्तीचा खेळ राहिला. मुलं ओळीनं वर्गात निघून जायची.

शनिवारी सकाळच्या एस. टी.नं मिरजेला गेलो. बायकांच्या वॉर्डात तिसरी कॉट प्रमिलाची होती. ती डोळे मिटून पडली होती. उजव्या बाजूला छातीपासून काखेपर्यंत पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि खाली बाटलीत नळी सोडलेली होती.

मी अजून कॉटजवळ उभाच होतो, तेवढ्यात राऊंडला आलेले डॉक्टर माझ्याकडे वळले.

"तुम्ही मिस्टर तांबट? पाय कसा आहे?"

मला कळेना.

"बाई म्हणाल्या, पाय मुरगळलाय, जिना चढता येत नाही. कागद खाली गाडीपाशी नेऊन तुमची सही घेऊन आल्या. बरोबर कारखान्याचा ड्रायव्हर होता. नियमात बसत नाही, मी तुम्हाला वर बोलावणारच होतो. पण तुमची सही आल्यावर म्हटलं, वेळ नको घालवायला."

मी एका पायावरचा भार काढला.

"बुधवारी सकाळी घेतलं. काखेतल्या गाठींपर्यंत गेलं होतं. आणखी महिना-दोन महिने काढले असते तर मी हात लावला नसता." त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. "आमच्याकडे नवरे कागद घेऊन घरी जातात आणि विचार करत बसतात. तुम्ही लगेच केलीत, हे चांगलं झालं."

"हो," मी म्हणालो. "म्हटलं, उशीर नको."

डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेले. मी खाली पाहिलं तर प्रमिलाचे डोळे उघडे होते. केव्हापासून उघडे होते, मला माहीत नाही.

मी स्टूल ओढून बसलो.

"कुठं केलीस?" मी हळू आवाजात विचारलं.

"जिन्यात. पायरीवर बसून."

"जमली?"

"तुमची सोपी आहे."

शेजारच्या कॉटवरची बाई खोकत होती, तिची सून तिला पाणी देत होती.

"शाळा कशा झाल्या?" प्रमिलानं विचारलं.

"बऱ्या झाल्या."

"सहीच्या पत्त्याचं कुणी विचारलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. चार दिवसांत तिला काहीतरी द्यावं असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"विचारलं की," मी म्हणालो. "रोज विचारत होते."

ती छताकडे बघत राहिली.

"विचारलं असतं तर तुम्ही बुधवारीच मला न्यायला आला असतात," ती म्हणाली.

ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. माझा स्वयंपाक केला, माझ्या आईचं शेवटचं दुखणं काढलं, भाचीचं लग्न केलं. स्टेजवर पुन्हा आली नाही, आणि मी ये म्हणालो नाही. मिरजेचा विषय आमच्यात निघाला नाही. मी वाट बघत होतो की ती कधीतरी काढेल आणि मला जे बोलायचं ते बोलेल. शेवटच्या आजारात तिला नीट बोलता येत होतं तोवरसुद्धा वाट बघितली. तिनं औषधाच्या वेळा विचारल्या, पाणी मागितलं, खिडकी लावायला सांगितली. हे नाही काढलं.

त्या शनिवारी दुपारी सिस्टर एक कागद घेऊन आली. ऑपरेशननंतर रेडिएशनचे शेक द्यायचे होते, त्यासाठी वेगळी संमती लागत होती.

"इथं करा," ती म्हणाली.

मी केली. सिस्टरनं फाईल उघडून मंगळवारचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी धरले.

"ही अशी कशी झाली? आधीच्यासारखी करा ना. ऑफिसमध्ये जुळवून बघतात, मग आम्हाला बोलणी बसतात."

मंगळवारचा कागद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वर छापलं होतं, की मी समक्ष हजर आहे, मला सर्व धोके समजावून सांगितले आहेत, आणि मी राजीखुशीनं परवानगी देत आहे. खाली माझं नाव होतं. ‘भा’चा काना मी नेहमी जरा तिरका ओढतो, तो तसाच होता. शेवटी खाली रेघ मारताना माझं पेन जिथं उचललं जातं, तिथंच उचललं होतं. कुठंही हात हललेला नव्हता.

माझ्या सहीत तो हलला होता.

सिस्टरनं नवा कागद दिला. मी प्रमिलाकडे पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. मी मंगळवारचा कागद मांडीवर नीट ठेवला आणि त्यावरची सही बघून बघून, एकेक अक्षर थांबत, माझं नाव लिहिलं.

सिस्टरनं दोन्ही कागद ताडून पाहिले.

"आता जुळली," ती म्हणाली, आणि फाईल घेऊन गेली.